अरविंदाची डिस्क

“उघडली आजी,” रेश्मा म्हणाली. “पण एक सांगते. आत नुसतं बघता येतंय, हात लावता येत नाही.”

“म्हणजे कसं?”

“म्हणजे आहे ते वाचायचं, दुसरीकडं उतरवून घ्यायचं. त्यात नवीन काही भरता येत नाही, आणि आहे त्यातलं काही काढताही येत नाही. तब्येत फार बिघडली की डिस्क अशी हटून बसते.”

“मग ती आमची सासूच की गं! मागचं सगळं तोंडपाठ, नवं काही डोक्यात शिरणार न्हाई, आणि तिचा एक शब्द कुणी बदलून दाखवावा!”

रेश्मा खळखळून हसली. सांगलीच्या स्टँडमागं एका जिन्याखाली मुजावरांच्या या रेश्माचं दुकान होतं. बंद पडलेल्या कॉम्प्युटरातलं हरवलेलं सामान काढून देते, अशी तिची ख्याती. तिशीची असेल. दोन्ही हातांत एकेकच काचेची बांगडी, माप सव्वादोन. मी माणसाचं तोंड नंतर बघते, मनगट आधी. विट्यात आमचं बांगड्यांचं दुकान आणि आजूबाजूच्या तीस गावांत माझी फेरी. रासन्यांची वच्छलामावशी म्हटलं की त्या तीस गावांतली कुठलीही बाई हात पुढं करते.

“हजारांनी फायली आहेत आजी. लग्नं, बारशी, डोहाळजेवणं. तुम्हाला नेमकं काय पाहिजे?”

“माझ्या मुलाचं बोलणं. असलं तर.”

“असलं तर?”

“नसणारच. तू नीट शोध आणि नाही म्हणून मला कागदावर लिहून दे. सही-शिक्का करून.”

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. “लोक माझ्याकडं रडत येतात, काहीही करून काढून द्या म्हणतात. नाही म्हणून लिहून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच.”

“मग पहिलीचं काम नीट कर,” मी म्हणाले.

या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तेव्हा अरविंदाला जाऊन चार वर्षं झाली होती. अरविंदा माझा एकुलता एक. बांगड्यांच्या दुकानामागच्या खोलीत त्यानं फोटोचा स्टुडिओ काढला होता. लग्नाचे व्हिडिओ करायचा. चुडा मी भरायचा आणि फोटो त्यानं काढायचा, असं आमचं घर एकाच नवरीवर दोनदा चालायचं. एकतिसाव्या वर्षी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. सात महिने मी आणि माझी सून रोहिणी त्याला घेऊन सांगलीच्या खेपा करत होतो. आठवा महिना त्यानं बघितला नाही.

बांगडी फुटली असं आम्ही कासार कधी म्हणत नाही. वाढली म्हणतो. सवाष्णीच्या हातातली वाढली की तिथल्या तिथं दुसरी चढवायची, मोकळा हात घेऊन तिला उठू द्यायचं नाही. विधवेच्या वाढवल्या की मात्र पुढं चढवायचं काही नसतं. दहाव्या दिवशी भावकीतल्या बायका जमल्या. सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. चुडा मी भरलेला, तेव्हा काम माझंच. रोहिणीनं हात पाठीमागं घेतले.

“आत्या, वाढवायच्या न्हाईत. ह्यांनी सांगितलंय.”

“कुणी सांगितलंय?”

“ह्यांनीच. कॅमेऱ्यासमोर बसून बोललेत. कॉम्प्युटरात आहे सगळं. चला, दाखवते.”

पंधरा-वीस बायका तिच्या मागोमाग स्टुडिओत गेल्या. तिनं बटण दाबलं. दिवा लागला नाही. परत दाबलं. आठवड्यापूर्वी विजेचा झटका बसला होता, घरातला टीव्हीही तेव्हाच गेला होता. पण ते कुणाच्या ध्यानात? सगळ्यांनी बघितलं ते एवढंच की बोलणारी बोलली आणि पेटी मुकी राहिली.

“मेलेल्या माणसाच्या तोंडात शब्द घालतेस?” मी म्हणाले. “बांगड्यांची एवढी हौस व्हती तर तसं सांगायचं. माझ्या मुलाच्या नावानं कशाला?”

हाताला साबण लावून मी त्या अलगद काढू शकले असते. तेवढी कला माझ्या बोटांत आहे. पण चार बायका बसल्या होत्या आणि माझी सून माझ्याच घरात मला नाही म्हणाली होती. मी तिचे दोन्ही हात धरले आणि उंबऱ्यावर आपटले. काच मनगटात शिरली. ती रडली नाही. रक्त पुसायला तिनं माझाच पदर मागितला. मी तो दिला नाही.

पुढं गावातल्या मेकॅनिकनं पेटी खोलली, डिस्क हातात दिली आणि म्हणाला, गेली ही, टाकून द्या. मी ती अरविंदाच्या शर्टात गुंडाळून ट्रंकेत ठेवली. रोहिणीनं दोनदा मागितली. “आत्या, सांगलीला दाखवून आणते. तिथं काढून देतात म्हणे.” मी दिली नाही. का दिली नाही, ते मी स्वतःलाही विचारलं नाही.

त्यावर मी आणखी एक केलं. बांगड्या भरताना बाईचा हात दुखतो. म्हणून कासारणीनं बोलत राहायचं, अशी आमची रीत. बोलण्यात बाईचं ध्यान गुंतलं की हात मऊ पडतो आणि बांगडी कधी चढली ते तिला कळत नाही. त्या वर्षी तीस गावांतले हात मी रोहिणीच्या नावानं मऊ केले. नवरा जाऊन दहा दिवस झाले नाहीत तर त्याच्या नावावर खोटं बोलली, हे मी इतकं रंगवून सांगायची की बायका दुसरा डझन भरून घ्यायच्या. सहाव्या महिन्यात ती लेंगऱ्याला भावाकडं गेली. तिला लग्नाची दोन ठिकाणं आली आणि परत गेली. का गेली, ते मला ठाऊक होतं.

रेश्माकडं गेले त्याच आठवड्यात, बुधवारी, तिसरं ठिकाण माझ्या दुकानात येऊन बसलं. पलूसचा विधुर, कारखान्यात नोकरीला. त्याची थोरली बहीण आणि चुलता चौकशीला आले होते. बहीण तोंडानं गोड होती.

“मावशी, पोरगी आम्हाला पसंत आहे. पण तुमच्याच तोंडचं काहीबाही कानावर आलंय. तुम्ही खरं ते सांगा. तुम्ही हो म्हणाला तर आम्ही पुढं जातो.”

हो म्हणायला मला एक श्वास लागला असता. पण हो म्हटलं असतं तर चार वर्षं तीस गावांत जे बोलले ते खोटं ठरलं असतं. मी म्हणाले, “रविवारी दुपारी या. तिच्या खोटेपणाचा पुरावाच हातात ठेवते.”

बहिणीनं चुलत्याकडं बघितलं. “पुरावा आहे?”

“ट्रंकेत आहे,” मी म्हणाले.

गुरुवारी डिस्क रेश्माकडं टाकली आणि शनिवारी तिचा निरोप आला म्हणून मी तिच्यासमोर बसले होते.

“कधी गेले तुमचे चिरंजीव?” तिनं विचारलं.

“श्रावणात. नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी.”

तिनं तारखांनी शोध घेतला. पडद्यावर इंग्रजीतली नावं खाली खाली सरकत होती. मी तिसरी शिकलेली. मला ती मुंग्यांची रांग वाटत होती. मधेच डिस्क कटकट वाजायची आणि रेश्मा हात आखडून घ्यायची, जशी एखादी झोपलेल्या पोराच्या अंगावरून हात काढते.

“त्या वर्षी जूनच्या पुढं एकही लग्न नाही,” ती म्हणाली. “फक्त एक फाईल आहे. ऑगस्टची. अकरा मिनिटांची.”

“लग्नाचीच असेल एखादी राहिलेली.”

“बघू या की. आधी उतरवून घेते मी.”

तिनं लावली.

निळा पडदा दिसला, स्टुडिओतला. समोर स्टूल. मग अरविंदा आला आणि भिंतीला धरून बसला. मी विसरले होते की तो शेवटी इतका बारीक झाला होता. गालाची हाडं वर आलेली, डोळे तेवढे त्याचे. बाजूनं दोन हात आले आणि त्याच्या शर्टाला माइक लावू लागले. हातांत हिरवा चुडा. माप मला बघावं लागलं नाही.

“चालू झालं का?” अरविंदानं विचारलं.

“लाल दिवा लागलाय,” रोहिणीचा आवाज आला.

“आई,” तो म्हणाला, आणि थेट माझ्याकडं बघितलं. “समोर बसून तुला हे सांगायला गेलो तर तू मला बोलूच देणार नाहीस. म्हणून मशीनला सांगतोय. मी गेल्यावर रोहिणीच्या बांगड्या वाढवायच्या नाहीत. तू भरल्यास म्हणून तुलाच पुढं करतील. चार बायका बसल्या की तुला माघार घेता येत नाही, मी लहानपणापासून बघतोय. त्या दिवशी घे. माझ्यासाठी एकदा घे.”

रेश्मानं माझ्याकडं बघितलं. मी पडद्यावरची नजर काढली नाही.

“आणि वर्ष झालं की तिचं लग्न लाव. मुलगा तू बघ. तुझी नजर चांगली आहे. चुडा तू भर, दुसऱ्या कासाराला बोलवू नको.”

“बंद करा हो,” रोहिणी म्हणाली. “मी कुठं जाणार न्हाई. मी गेले तर आत्यांना कोण आहे?”

“तिला तीस गावं आहेत.”

“तीस गावं बांगड्या भरायला येतात, पाणी द्यायला न्हाई.”

“अगं पण तिच्या तोंडाला टिकशील का तू?”

“टिकले की चार वर्षं. त्यांचं तोंड तेवढं तिखट आहे, मन न्हाई.”

त्यावर तो हसला. त्याला हसताना खोकला आला आणि ती पुढं धावली. मग पडदाभर तिची पाठ दिसत राहिली, त्याची पाठ चोळणारा हात दिसत राहिला, आणि काचेचा बारीक आवाज. कॅमेरा बंद करायचं दोघंही विसरले होते. शेवटची सहा मिनिटं नुसता निळा पडदा आणि रिकामं स्टूल.

मी काय केलं ते लिहिते. मुलाचा आवाज चार वर्षांनी कानावर पडला होता. कुठल्याही आईनं पुन्हा लाव म्हटलं असतं. मी म्हणाले, “हे पुसून टाक.”

“काय?”

“पुस म्हणते ना. उद्या पाहुणे येणार आहेत माझ्याकडं. असलं काही त्यात न्हाई, असं लिहून दे.”

“आजी, मघाशीच सांगितलं ना. त्या डिस्कवरचं काही पुसत नाही. वाचता येतं तेवढंच.”

“मग तू उतरवून घेतलंस ते पुस.”

“ते पुसते. माल तुमचा आहे. पण मूळ तुमच्याकडं राहणारच. ते नको असेल तर घरी जाऊन खलबत्त्यात घालून कुटा. मी ते काम करत नाही.” तिनं माउस हातात घेतला. “पुसू? एकदा हो म्हणा.”

ती थांबली. घाई केली नाही, तोंड वाकडं केलं नाही. वर जिन्यावरून कुणीतरी चढून गेलं. मी हो म्हणायला तोंड उघडलं. जे तोंड तीस गावांत कधी अडलं नाही ते तिथं अडलं.

“राहू दे,” मी म्हणाले.

तिनं ती फाईल एका पेनड्राइव्हवर घालून दिली. डिस्क परत शर्टात रेश्मानंच गुंडाळली.

“ती कोण, माइक लावणारी?” तिनं विचारलं.

“माझी सून.”

“कुठं असते आता?”

मी तिचे पैसे मोजून ठेवले आणि उठले.

रविवारी सकाळपासून मी दुकानाच्या फळीवर बसून राहिले. काय बोलायचं ते ठरवलं होतं. पलूसच्या बाईला सांगायचं, पोरगी सोनं आहे, खोटी मी. बारा वाजले, दोन वाजले. कुणी आलं नाही. तीनच्या गाडीनं मी लेंगऱ्याला गेले.

रोहिणी अंगणात बसून शेंगा फोडत होती. मला बघून उठली, डोक्यावरून पदर घेतला, वाकून नमस्कार केला. साडेतीन वर्षांनी. हात मोकळे होते. उजव्या मनगटावर पांढरा व्रण.

“बसा आत्या. पाणी आणते.”

“पाणी नको. पलूसचे आले व्हते का इकडं?”

आतून तिची भावजय बाहेर आली. ती मला आत्या म्हणाली नाही. “काल रात्री फोन आला त्यांचा. नको म्हणाले. सासूच म्हणती, तिच्याकडं खोटेपणाचा पुरावा हाय. मग कशाला विषाची परीक्षा घ्यायची, म्हणाले. झालं का तुमचं समाधान? का अजून काही राहिलंय सांगायचं?”

“वहिनी, असू द्या,” रोहिणी म्हणाली.

मी पेनड्राइव्ह पदरातून काढून तिच्यापुढं धरला. “हे बघ. सांगलीत काढून आणलं. अरविंदा बोलतोय ह्यात. तू म्हणालीस ते सगळं हाय. बांगड्यांचं, लग्नाचं. तू माझ्याविषयी बोललीस तेबी हाय. बघ तू.”

तिनं तो हातात घेतला नाही. शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“मला कशाला दाखवता आत्या? मी तिथंच होते की.”

सोमवारी मी पलूसला गेले. त्या बहिणीनं मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. मी सगळं सांगितलं, पेनड्राइव्ह दाखवला. ती म्हणाली, “मावशी, बुधवारी तुम्ही एक बोलता, सोमवारी एक. आम्ही कुठलं खरं धरायचं?” आणि तिचंही चुकलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरीकडं सुपारी फोडली.

रोहिणी अजून लेंगऱ्यातच आहे. अंगणवाडीत मदतनीस म्हणून जाते. मी वर्षातून दोनदा जाते, ती चहा करते, मी पिते. आमच्यात भांडण नाही. दुसरंही काही नाही.

पलूसचं ते मोडलं त्याच वर्षी मी ठरवलं की ज्या घरी बोलले त्या प्रत्येक घरी जाऊन ते माघारी घ्यायचं. तीस गावांचे सगळे उंबरे चढले. मोबाईलवर अरविंदाचं बोलणं घालून घेतलं होतं. कुणी म्हणालं, जाऊ द्या मावशी, झालं गेलं. कुणाला रोहिणीचं नाव आठवेना, तिनं काहीतरी खोटं केलं होतं एवढं मात्र आठवायचं. भाळवणीत पाटलांच्या घरी पाच-सहा जणी हात पुढं करून बसल्या होत्या. मी पिशवी खाली ठेवली आणि आधी तेच बोलले.

“बायांनो, ऐका. माझी सून खोटं बोलली न्हाई. खोटं मी बोलले. हे बघा, माझा मुलगा स्वतः सांगतोय.”

मी मोबाईल काढला. थोरल्या पाटलीणबाईंनी तो माझ्या हातातच दाबून धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

“राहू द्या मावशी, गेलेल्या लेकराचं कशाला पुन्हा पुन्हा बघता,” त्या म्हणाल्या आणि बाकीच्यांकडं वळल्या. “बघा गं! सासू असावी तर अशी. सुनेचं पापसुद्धा स्वतःच्या अंगावर घेती.”